मामा गेले आणि रविवारी सेमीफायनल आहे: काय करावं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका फुटबॉल टीमच्या पोरांनी विचारलंय. त्यांच्या प्रत्येक मॅचला येणारे एक मामा मंगळवारी रात्री झोपेतच गेले. वय ५४. टॉवेलच्या कारखान्यात लूमवर कामाला होते. पाळी सुटली की सायकलच्या कॅरिअरला वीस लिटरचा पाण्याचा जार बांधून थेट मैदानावर यायचे आणि उजव्या कॉर्नरजवळच्या कडुलिंबाखाली बसायचे. स्वतः कधी फुटबॉल खेळले नाहीत. रविवारी टीमची सेमीफायनल आहे. पोरं विचारतात: मॅच सोडून द्यायची का? मामांच्या नावानं जर्सीचा एक नंबर बंद करायचा का? ५४व्या मिनिटाला टाळ्या वाजवायच्या का? चौकात फ्लेक्स, दरवर्षी स्मृती चषक, घरच्यांसाठी पैसे, यातलं काय आणि कसं करायचं?

मी सोलापुरात बावीस वर्षं रेफ्री होतो, आता स्पर्धांच्या समितीत काम करतो. अशा दहा-बारा श्रद्धांजल्या मी मैदानाच्या मधोमध उभं राहून पाहिल्यात. काही मनात घर करून राहिल्या. काहींची आठवण आली की अजून मान खाली जाते. दोन्ही प्रकारांतून जे कळलं ते सांगतो.

मामा खेळाडू नव्हते. म्हणून खेळाडू गेल्यावर जे करतात ते जसंच्या तसं उचलू नका. ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरला फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारता मारता कोसळला आणि गेला. डेम्पोनं त्याचा दहा नंबर कायमचा बंद केला. तो नंबर त्याचाच होता, त्यामुळे ते शोभलं. मामांचा नंबर कोणता? त्यांची होती ती लिंबाखालची जागा, तो जार, आणि तुम्ही प्रश्नात लिहिलेली ती हाक, “दे की बे, पास दे की!” उद्या तुम्ही बारा नंबर बंद केलात तर दोन वर्षांनी नव्या पोराला तो का बंद आहे हे सांगावं लागेल, आणि सांगूनही त्याला मामा दिसणार नाहीत. जार दिसला तर दिसतील.

आता घराकडे या, कारण माझ्या मते सगळं तिथून सुरू होतं. एक प्रश्न स्वतःला विचारा: मामांच्या घरच्यांना मैदानावरचे मामा माहीत आहेत का?

बऱ्याचदा नसतात. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका आमच्या मॅचना यायचे. पंधरा वर्षं आले. निकाल वहीत लिहून ठेवायचे, हरलेल्या टीमच्या गोलकीपरला स्वतः जाऊन पाठीवर थाप द्यायचे. ते अचानक गेले. आम्ही चौघं घरी गेलो तर त्यांची मुलगी म्हणाली, “बाबा संध्याकाळी फिरायला जातात एवढंच आम्हाला ठाऊक होतं.” आम्ही बोलत बसलो. एकेक प्रसंग निघाला. आतल्या खोलीतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या, भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. निघताना मुलगी म्हणाली, हे सगळं कुणीतरी लिहून द्याल का, आईला पुन्हा ऐकायचंय. त्या दिवशी मला कळलं की चाहता गेला की मैदानाकडे त्याच्या आयुष्याचा एक तुकडा शिल्लक राहतो, आणि तो घरच्यांचा असतो. तो त्यांच्या हातात नेऊन देणं हा पहिला सन्मान. बाकी सगळं त्यानंतर.

तर एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येकानं एक प्रसंग लिहायचा, आपल्या हातानं, आपल्या अक्षरात. “मामा फार चांगले होते” असं लिहू नका, ते घरच्यांना माहीत आहे. कुठली मॅच होती, स्कोअर काय होता, मामा काय म्हणाले, ते लिहा. कुणाचा गुडघा फुटला तेव्हा मामांनी सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं असेल, तर कुठल्या रस्त्यानं नेलं तेसुद्धा लिहा. फोटो असतील तर मोबाइलमधून छापून चिकटवा. आणि मामांचं घर तेलुगू बोलणारं आहे असं तुम्ही लिहिलंय, तर टीममधल्या तेलुगू येणाऱ्या दोघांनी वही मामांच्या आईला वाचून दाखवावी. मराठीतली वही त्या माउलीच्या हातात देऊन परत येऊ नका. पोटच्या पोराबद्दलचं बोलणं आपल्या भाषेत ऐकायला मिळालं पाहिजे. मामा हा शब्द तर तेलुगूतही मामाच आहे.

ही वही पहिल्या आठवड्यात नेऊ नका. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, कोण काय बोललं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. महिन्याभरानं पाहुणे पांगतात, संध्याकाळी साडेपाचला सायकलचा आवाज येत नाही. तेव्हा जा.

आधी तिथे जायचं ते भेटायला. पंचवीस जण एकदम जाऊ नका, पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात ते मावत नाहीत आणि चहा-पाण्याचा भार बायकांवर पडतो. तिघं-चौघं जा, जर्सी न घालता. एकानं बोलायचं. काय बोलावं सुचत नसेल तर “मामा रोज आमच्यासाठी पाणी आणायचे” एवढं म्हणा आणि गप्प बसा. घरातल्या एका माणसाशी तुमच्यातल्या एकाच माणसानं संपर्क ठेवायचा, मुलगा किंवा भाचा असेल तो बघा. मैदानावर जे काही करायचं ते त्याला आधी विचारायचं, आणि तो “नको” म्हणाला तर कारण विचारायचं नाही.

विचारण्यावर मी एवढा जोर देतो त्याला कारण आहे. आपलं गाव एका रीतीचं नाही. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावं नुसती म्हणून बघा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. जितकी नावं तितक्या घरच्या चालीरीती. एका मुसलमान चाहत्याच्या वेळी आम्ही फोटो मोठा करून आणला, हार घातला, पुढे समई लावली. मन स्वच्छ होतं आमचं. त्यांचे मोठे भाऊ आले, थोडा वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “बेटा, हमारे में ऐसा नहीं करते.” आम्ही समई विझवली, हार काढला. त्यांनी आम्हाला एका शब्दानं दुखावलं नाही, पण तो क्षण त्यांच्यावर यायला नको होता. लिंगायत घरात “लिंगैक्य झाले” म्हणतात, दफन करतात. कुणाकडे तिसरा दिवस महत्त्वाचा, कुणाकडे दहावा, कुणाकडे चाळिसावा. सगळं आपल्याला माहीत असायलाच हवं असं नाही. एक फोन केला तर कळतं.

रविवारची मॅच. माझं मत, खेळा. पण हे मत तुमच्या तोंडून जाहीर होण्याआधी मामांच्या मुलाच्या कानावर गेलं पाहिजे. रविवार म्हणजे पाचवा दिवस. घरचा काही विधी नेमका त्या वेळी असेल तर समितीला वेळ बदलून मागा. चारची मॅच साडेपाचला घ्यायला कुठलीही माणुसकी असलेली समिती नाही म्हणणार नाही, समोरच्या टीमनं हो म्हणायला हवं इतकंच. मॅच चालू असताना मैदानावरच माणूस गेला तर गोष्ट वेगळी, तेव्हा खेळ थांबलाच पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये स्पेनमध्ये ग्रानाडा आणि अथलेटिक बिलबाओच्या सामन्यात प्रेक्षकांत एक माणूस गेला. सामना तिथेच थांबवला आणि उरलेला दुसऱ्या दिवशी खेळवला. ला लीगाचा, म्हणजे स्पेनच्या सगळ्यात मोठ्या लीगचा सामना एका प्रेक्षकासाठी थांबतो. कुणी “प्रेक्षकच होता ना” म्हणालं तर हे सांगा.

आता मैदानावरचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मनापासून केलेली गोष्ट तयारी नसली की कशी विस्कटते ते मी शिटी तोंडात धरून पाहिलंय.

रेफ्रीला शनिवारीच सांगा. मॅचच्या आधी पाच मिनिटं धावत येऊन “सर, एक मिनिट शांतता” म्हणू नका. दोन्ही टीम मध्यवर्तुळाभोवती उभ्या राहतील, रेफ्री एक हलकी शिटी देईल, साठ सेकंद झाले की दुसरी. साठ म्हणजे साठ, घड्याळ बघून. आपल्याकडे पंचवीस सेकंदांत कुणीतरी “धन्यवाद” म्हणून मोकळं होतं. एक मिनिट खूप लांब वाटतं, ते तसं वाटलंच पाहिजे. आधी माइकवर किंवा नुसत्या आवाजात दोनच वाक्यं: कोण गेले आणि ते या मैदानाचे कोण होते. मामांचं पूर्ण नाव घरून लिहून आणा. एका श्रद्धांजलीत निवेदकानं आडनाव चुकीचं घेतलं. त्या माणसाचा मुलगा आमच्यातच उभा होता. नंतर माफी मागितली, पण ते मिनिट परत आलं नाही.

समोरच्या टीमच्या कॅप्टनला आदल्या दिवशी फोन करा. त्यांच्या प्रेक्षकांना माहीत नसेल तर शांततेत कुणीतरी शीळ मारणार, मग तुमचा कुणीतरी चिडणार, आणि मामांच्या नावावर भांडण होणार. माहीत असेल तर तीच माणसं टोपी काढून उभी राहतात. २०१४ च्या जुलैत मलेशियाचं विमान युक्रेनवर पाडलं गेलं, त्यात इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबचे दोन चाहते होते, जॉन ऑल्डर आणि लियाम स्वीनी. टीमचे सामने बघायला न्यूझीलंडला निघाले होते. त्यांच्यासाठी पहिल्यांदा पैसे गोळा करायला कोण धावलं? संडरलँडचे चाहते. न्यूकॅसल-संडरलँड हे वैर म्हणजे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्यावर जे होतं त्याच जातीचं. फुलांपुरते शंभर पौंड जमवायचे म्हणून सुरुवात झाली, तीस हजारांच्या वर गेले. नंतर न्यूकॅसलच्या स्टेडियमपाशी त्या दोघांच्या नावानं बाग झाली. दोघंही साधे चाहते, एक ६३ वर्षांचा, एक २८ वर्षांचा. तुमच्या समोरच्या टीमचा कॅप्टन मामांच्या जागेवर एक फूल ठेवायला येत असेल तर त्याला येऊ द्या, तुमच्या माणसांपेक्षा आधी.

काळी फीत बांधणार असाल तर दोन बोटं रुंद कापडी पट्टी बाहीवर टाके घालून शिवा. सेफ्टी पिन नको, रेफ्री काढायला लावेल आणि ते बरोबरच आहे, पिन लागते. दुसरं, जर्सीच्या आतल्या बनियनवर मामांचं नाव लिहून गोल झाल्यावर दाखवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच सोडा. २०१० च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये स्पेनच्या इनिएस्तानं गोल केल्यावर जर्सी काढून आपल्या गेलेल्या मित्राचं, दानी हार्केचं नाव दाखवलं होतं. त्यालाही पिवळं कार्ड मिळालंच. जर्सी काढणं म्हणजे कार्ड, आणि आतल्या कपड्यावर वैयक्तिक मजकूर दाखवायला नियमांत बंदी आहे. सेमीफायनलमध्ये तुमचा स्ट्रायकर दुसऱ्या पिवळ्यावर बाहेर गेलेला मामांना आवडला असता का, विचार करा. गोल झाला तर सगळ्यांनी लिंबाच्या झाडाकडे धावत जा. लगेच परत आलात तर त्याला कार्ड नाही.

शांतता की टाळ्या? युरोपात आता बऱ्याच मैदानांवर मिनिटभर टाळ्या वाजवतात. त्या मनाला भिडतात. पण आपल्याकडे मरणाच्या पाचव्या दिवशी टाळ्या ऐकून मामांच्या आईला काय वाटेल? या रविवारी शांतताच. टाळ्या नंतरच्या मॅचना, घरच्यांना अर्थ समजावून सांगून. आणि ५४व्या मिनिटाचं म्हणाल तर तुमची स्पर्धा २५-२५ मिनिटांची आहे, ५४वं मिनिट येणारच नाही! ठरावीक मिनिटाला टाळ्या वाजवायची रीत स्पेनच्या एस्पान्योल क्लबच्या चाहत्यांकडे आहे. मघाशी ज्याचं नाव आलं तो हार्के त्यांचा कॅप्टन, ऑगस्ट २००९ मध्ये २६ व्या वर्षी अचानक गेला. त्याचा नंबर २१, म्हणून दर सामन्यात २१व्या मिनिटाला ते टाळ्या वाजवतात. त्यांचं मिनिट त्याच्या जर्सीतून आलं. तुमचं मामांच्या जागेतून येऊ द्या. उजव्या कॉर्नरला तुम्हाला पहिली कॉर्नर किक मिळेल तेव्हा टाळ्या. कधी तिसऱ्या मिनिटाला मिळेल, कधी चाळिसाव्या. एखाद्या मॅचला मिळणारच नाही. चालेल.

त्या जागेवर काय? मामा कारखान्यातले किरकोळ डाग पडलेले टॉवेल विकत आणून तुम्हाला घाम पुसायला द्यायचे, असं तुम्ही लिहिलंय. १९८९ मध्ये इंग्लंडच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते मेले, तेव्हा लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर लोकांनी गळ्यातले मफलर आणून बांधले होते. एकदा बघितलं तर ते चित्र विसरता येत नाही. सोलापुरात मफलर कुठून आणणार? आपल्याकडे टॉवेल आहे, आणि तो मामांच्या हातचा आहे. ज्याच्याकडे मामांनी दिलेला टॉवेल असेल त्यानं तो धुऊन आणावा, लिंबाच्या फांदीला बांधावा. कॉर्नर फ्लॅगला बांधू नका, तिथे चालत नाही. मॅच संपली की प्रत्येकानं आपापला टॉवेल घरी न्यायचा. आठवडाभर लटकत ठेवून मातीत लोळवायचे नाहीत. मामांची बसायची जागा त्या दिवशी मोकळी ठेवा. दोरी लावायची गरज नाही, एकमेकांना सांगितलं की पुरे.

मामींना किंवा आईला मैदानावर बोलवायचं का? बोलवा, पण येण्याचा आग्रह धरू नका, आणि आल्या तर स्टेजवर चढवू नका. एका स्पर्धेत नवरा जाऊन नऊ दिवस झालेल्या बाईंना प्रमुख पाहुण्यांशेजारी उभं केलं, हातात शाल-श्रीफळ, समोर चार मोबाइल. “ताई, जरा इकडे बघा.” मी रेफ्रीच्या कपड्यांत दहा फुटांवर होतो आणि थांबवलं नाही. आज असतं तर थांबवलं असतं. त्यांना लिंबाखाली खुर्ची द्या, शेजारी टीममधल्या कुणाची तरी आई बसू दे, आणि फोटो कुणीही काढायचा नाही.

फ्लेक्सबद्दल थोडक्यात. नको. चौकातला फ्लेक्स लावायला महापालिकेची परवानगी लागते, पैसे लागतात, आणि पैसे देणाऱ्याचा फोटो मामांपेक्षा मोठा येतो. त्याच पैशांत मामांच्या मुलीच्या वह्या येतील.

पैशांचं मात्र नीट करा, कारण इथेच चांगल्या टीम फुटतात. कुणा एकाच्या मोबाइलचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकून वर्गणी सुरू करू नका. चाळीस हजार जमले की एकोणचाळीसच्या अफवा उठतात आणि तो बिचारा पोरगा आयुष्यभराचा चोर ठरतो. मामींचं बँक खातं असेल तर मुलाला विचारून थेट त्या खात्यावर द्यायला सांगा. रोख आली तर दोघांनी मोजून वहीत लिहायची, आठवड्याच्या आत खात्यात भरायची, पावतीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. देणाऱ्यांची नावं लिहा, रकमा जाहीर करू नका. लूमवरच्या माणसानं पन्नास रुपये दिले तर ते पन्नासच दिसू नयेत. वर्गणी मैदानाबाहेर, बाजारपेठेत मागायची असेल तर थांबा. गणपतीत मंडळं जशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात तशी इथेही लागेल का, ते त्या कार्यालयात जाऊन विचारा.

वर्गणीपेक्षा मोठी रक्कम कधी कधी मामांच्या पासबुकातच असते, हे बहुतेकांना माहीत नसतं. पासबुक भरून घ्यायला सांगा आणि मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये कापले गेलेत का ते बघा. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. त्यात कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी दोन लाख मिळतात आणि विमा ५५ वर्षांपर्यंत चालतो. मामा ५४ चे होते. २० रुपयांचीही एक कपात दिसेल, ती फक्त अपघातासाठीची. कारखान्यात त्यांचा पीएफ कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेला विमा असतो, सात लाखांपर्यंत. लूमवर बऱ्याच ठिकाणी पीएफ नसतो, तरी विचारायला हवं. मृत्यूची नोंद महापालिकेत २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. दाखल्याच्या दहा प्रती तरी घ्या, प्रत्येक खिडकीवर एक जाते. तुमच्यात कुणी शांत डोक्याचा, स्कूटर असलेला पोरगा असेल तर त्यानं पुढचे दोन महिने मामांच्या मुलाला या खिडक्यांवर न्यावं. हे काम कुणाला दिसणार नाही, कुठल्या स्टेटसला येणार नाही. मला विचाराल तर तुमच्या यादीतल्या सगळ्या गोष्टींपेक्षा मी याला वर ठेवीन.

स्मृती चषक. या बाबतीत माझ्या मनावर एक ओझं आहे. आम्ही एका चाहत्याच्या नावानं मोठ्या थाटात चषक सुरू केला. पहिल्या वर्षी सोळा टीम. दुसऱ्या वर्षी आठ, त्याही ओढूनताणून. तिसऱ्या वर्षी मैदान मिळालं नाही, पैसे जमले नाहीत, आणि आम्ही कुणी घरी कळवलंही नाही. त्या तारखेला त्यांचा मुलगा नवा शर्ट घालून मैदानावर आला होता. रिकाम्या मैदानावर. चहाच्या गाड्यावाल्यानं मला ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हणून म्हणतो, दहा वर्षं जमेल तेवढंच करा. तुमच्या प्रत्येक घरच्या मॅचला दोन्ही टीमसाठी पाण्याचा एक जार मामांच्या नावानं. बस. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि मेमध्ये ऊन ४३-४४ अंशांवर जातं, तिथे रोज परक्या पोरांसाठी वीस लिटर पाणी वाहून आणणारा माणूस काय करत होता, हे पाणी पिणाऱ्या समोरच्या टीमलाही कळेल.

वर्षातून एकदा काही करायचंच असेल तर रक्तदान करा. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात गर्दीत १६ प्रेक्षक मेले. तिथे तो दिवस फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात आणि दरवर्षी रक्तदान होतं. आपल्या देशात चाहत्यांसाठी पाळला जाणारा हा दिवस आहे आणि महाराष्ट्रात तो फारसा कुणाला माहीत नाही. तुम्ही करणार असाल तर परवाना असलेल्या रक्तपेढीलाच बोलवा, आणि तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीतली ठेवा. तेव्हा कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात आणि रक्ताची चणचण असते. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, आणि पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर लागतं. टीममधल्या लहान पोरांना रांगेत उभं करू नका.

हृदय थांबल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचं शिक्षण, म्हणजे सीपीआर, तेही घ्या. १०८ ला फोन, छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सेंटिमीटर खोल, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत. मैदानावर पन्नास माणसांना हे येत असेल तर पुढच्या कुणा मामांना उपयोग होईल. २०२२ मध्ये स्पेनच्या काडिझ क्लबच्या गोलकीपरनं, लेदेस्मानं, प्रेक्षकांत कोसळलेल्या माणसासाठी शॉक देणारं यंत्र मैदानातून धावत नेलं होतं. पण हे शिबिर आत्ता नको, आणि मामांच्या नावानं तर नकोच. मामा रात्री झोपेत गेले. शेजारी मामी होत्या. “वेळेवर छाती दाबली असती तर” हे वाक्य कुणाच्याही तोंडून त्या घरापर्यंत पोचता कामा नये. दोन-तीन महिने जाऊ द्या, डॉक्टर बोलवा, नुसतं टीमचं शिबिर म्हणून घ्या.

हेच तुमच्याबद्दल. प्रश्नाच्या शेवटी एका वाक्यात लिहिलंय की गेल्या रविवारी मामा छातीत जळजळतंय म्हणाले होते आणि तुमच्यातल्या एकानं त्यांना सोडा आणून दिला. ज्यानं आणून दिला तो आता झोपत नसेल. त्याला एकटं सोडू नका. त्यानं जे केलं ते कुणीही केलं असतं, मीही केलं असतं. ते त्याला तुम्ही सगळ्यांनी तोंडानं सांगितलं पाहिजे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा. फार त्रास होत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि ग्रुपवर मामा कशानं गेले याची चर्चा आजच बंद करा.

बारा वर्षांखालची पोरंही मामांच्या जारचं पाणी प्यायची. त्यांना कोचनं गोल करून बसवावं आणि सरळ सांगावं की मामा वारले, आता येणार नाहीत. “देवाघरी झोपलेत” वगैरे नको, मामा झोपेतच गेले असताना तर नकोच, पोरं रात्री झोपायला घाबरतात. रडली तर रडू द्यावं. मग चेंडू द्यावा.

रविवारसाठी आज रात्री एवढं ठरवा: मामांच्या मुलाला फोन कोण करणार, रेफ्रीला आणि समोरच्या कॅप्टनला कोण सांगणार, नाव कोण वाचणार. आणि जार. मामांची सायकल घरीच असेल, ती मागायला जाऊ नका. तुमच्यातल्या ज्याच्या नळाला शनिवारी पाणी येणार असेल त्यानं भरून ठेवा, आणि चारच्या मॅचला साडेतीनला लिंबाखाली पोचवा. मामा त्याच वेळी यायचे ना?